अहो म्हणायचं आणि पडायचं

स्त्रियांच्या काळजाची काळजी वाहायला त्या गावात एक समिती निघाली होती, आणि एक बाई सोडली तर तिच्यात झाडून सगळे पुरुष होते. त्या एका बाईला अध्यक्ष केलं होतं. तिची खुर्ची मधोमध असे, खुर्चीपुढे टेबल, टेबलावर फुलदाणी, आणि ती अशा बेतानं ठेवलेली की बाई बोलायला उभ्या राहिल्या तरी लोकांना फुलंच दिसावीत. तशी त्यांच्यावर बोलायची वेळ क्वचितच येई. आलीच तर माईक खरखरायचा. मग कोणीतरी पुढे होऊन तो दुरुस्त करायचा, आणि दुरुस्त झालाच आहे तर दोन शब्द आपणच बोलून घ्यायचा.

बाकीच्यांचं काय सांगावं! एकेकाचं पोट बघितलं की वाटे, जागृतीची सुरुवात यांनी आरशापासून करावी. पण नाही, त्यांना घोर बायकांचा. बायकांनी चालावं, बायकांनी बेतानं खावं, बायकांनी हसतमुख राहावं, बायकांनी चिंता म्हणून करू नये. सगळं टाळ्यांच्या गजरात मंजूर होई. आणि मंजूर होत असताना चहाचा ट्रे घेऊन दारातून आत कोण येई? बाईच. तिच्या हृदयाचं कसं काय, हे मात्र कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही. देवानं काळीज घडवताना बाईचं, पुरुषाचं असा वेगळा हिशेब ठेवला नव्हता. तो हिशेब मागाहून माणसांनी लावला.

या समितीचे चिटणीस म्हणजे थोरलीचे दीर आणि धाकटीचा नवरा. माणूस वाईट नव्हता. वाईट व्हायलाही थोडं अंग हलवावं लागतं. घरचा धंदा कपडे धुऊन इस्त्री करून द्यायचा. खाली दुकान, वर राहायचं. थोरलीचा नवरा गेल्यापासून दोघी जावाच तो गाडा ओढत होत्या. थोरली पुढे, गिऱ्हाइकांच्या तोंडाला तोंड द्यायला. धाकटी आत, धुण्याची यंत्रं, खळीची पातेली आणि वाफेची इस्त्री यांच्यात. चिटणीस दुकानात दिसत ते आपला कडक सदरा न्यायला. सदरा घालून ते समाजसेवेला बाहेर पडत आणि जेवणाच्या वेळेला समाजाला थोडी विश्रांती देत.

थोरलीला देवानं जीभ दिली होती आणि ती गंजू नये याची थोरली फार काळजी घेई. सकाळी शटर वर करण्याआधी ती डोळे मिटून हात जोडी. हात सुटले की तोंड सुटे. धाकटीवरही सुटे. गेले काही दिवस तर जास्तच, कारण समितीचे खांद्यावर घालायचे लाल पट्टे धुऊन, खळ घालून, इस्त्री करून द्यायचं काम चिटणिसांनी घरच्या दुकानाच्या गळ्यात मारलं होतं, सेवा म्हणून. ढीगभर पट्टे. धाकटी ओले पट्टे घेऊन गच्चीचा जिना चढे आणि मधल्या पायरीवर थांबे.

"काय गं, इथेच मुक्काम?" थोरली खालून विचारी.

"दम खातेय, जाऊबाई."

"खा, खा. तेवढंच एक तुझ्या नवऱ्यानं अजून समितीला दिलेलं नाही."

धाकटी हसे. तिला हसायला काही लागत नसे. पण हल्ली ती हसून झाल्यावर भिंतीला टेके. पाठ भरून येते म्हणे, दोन्ही खांद्यांच्या मधे. इस्त्रीनंच असेल, आणखी कशानं? कधी जबडा चोळत बसे, दाढ असेल. रात्रभर झोपून सकाळी उठायची ती झोपण्याआधी होती तेवढीच दमलेली. थोरली म्हणाली, "वय झालं बाई तुझं." धाकटी म्हणाली, "तुमच्याआधी कसं होईल?" आणि विषय संपला. घरात बायकांच्या दुखण्याचे विषय असेच संपतात. एकीनं टोमणा मारला, दुसरीनं हसून परतवला, दोघी कामाला लागल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी थोरली दुकानाच्या गाडीतून पट्ट्यांचे गठ्ठे घेऊन सभागृहावर पोचली. धाकटी आधीच तिथे होती. कारण धाकटी नाटकात होती.

नाटकात म्हणजे कशी, तेही सांगायला हवं. चिटणिसांनी स्वतः एक नाटुकलं लिहिलं होतं. एक गृहस्थ असतो, त्याची बायको असते. तिला हृदयविकाराचा झटका येतो. ती पडते. मग तो गृहस्थ तिच्या अंगाशी उभा राहून समाजाला उद्देशून बोलू लागतो तो बोलतच राहतो. स्त्री म्हणजे काय, तिचा त्याग, तिची माया, तिचं मोठं मन, सगळं. गृहस्थाचं काम अर्थातच चिटणीस करणार होते. बायकोला संवाद एकच: "अहो!" अहो म्हणायचं आणि पडायचं. एवढ्यासाठी बाहेरची बाई कशाला, म्हणून घरचीच घेतली. तिला विचारलं का? इस्त्रीला कोणी विचारतं का, तापू का म्हणून?

सभागृहाच्या दारातच नवी कोरी अँब्युलन्स उभी होती. समितीनं ती खास स्त्रियांसाठी मिळवली होती. तिला फुगे लावले होते आणि पुढच्या आरशापासून मागच्या दारापर्यंत रुंद लाल फीत गुंडाळून वर फुलाच्या आकाराचा भलामोठा फुगा बांधला होता. दुपारी हृदयाचे मोठे डॉक्टर पाहुणे म्हणून येणार, त्यांच्या हातून फीत कापली जाणार, मग गाडी सेवेत रुजू. तोवर ती सेवेत नव्हती, शोभेत होती. ड्रायव्हर पुढच्या सीटवर तोंडावर टोपी टाकून पडला होता. भल्या सकाळपासून त्याला तिथे बसवून ठेवलं होतं, फोटोत रिकामी सीट बरी दिसत नाही म्हणून.

आत स्टेजवर कापडाचं एक अजस्र हृदय टांगलं होतं. रंगवणाऱ्याचा लाल रंग मधेच संपला असावा, कारण खालचं टोक जांभळं होतं. त्याखाली धाकटी उभी होती, अंगावर एप्रन, तोंडावर कोणीतरी थापलेली पावडर. आणि समोरच्या खुर्चीत नाट्याचार्य.

नाट्याचार्य तरुणपणी एका नाटकात भाला धरून शेवटपर्यंत उभे राहिले होते. त्या उभं राहण्यावर ते आजवर बसून खात होते.

"पुन्हा!" ते म्हणाले. "बाई, तुम्हाला झटका आलाय. झटका! तुम्ही दळण आणायला निघाल्यासारख्या उभ्या आहात."

धाकटीनं जबड्याला हात लावला. मग तो हात मागे नेऊन खांद्यांच्या मधे पोचतो का ते बघितलं. पोचला नाही.

"हे काय? हात कुठे? दाढ दुखतेय का तुमची?"

समितीचे दोन-चार सभासद फुगे फुगवत बसले होते, ते खदखदून हसले. एकाचा फुगा निसटून फुर्रकन स्टेजभर फिरला.

"अहो, दाढेचा झटका नाहीये हा!" नाट्याचार्यांना विनोदाला विनोद जोडायची सवय. "हृदय इथे असतं. इथे! डावीकडे. मूठ आवळायची, छातीवर आपटायची, डोळे असे विस्फारायचे, अहो म्हणायचं आणि धाडकन पडायचं. लोकांना कळलं पाहिजे काय झालंय ते. मी करून दाखवतो."

त्यांनी करून दाखवलं. छातीवर मूठ मारली, डोळे बाहेर काढले, "अहो!" म्हणून आरोळी ठोकली आणि गुडघ्यावर हात टेकत, खुर्चीचा आधार घेत, धाडकन पडले. उठायला दोघे लागले. टाळ्या झाल्या. थोरली गठ्ठे घेऊन दाराशी उभी होती. तिच्या मनात आलं, देवा, बुद्धी वाटताना यांच्या रांगेत दिवे गेले होते का रे?

"कळलं का?" चिटणीस बायकोला म्हणाले. ते हातातला कागद ओठांत पुटपुटत पाठ करत होते. "नीट पड. तू नीट पडल्याशिवाय माझं भाषण सुरू होत नाही."

"अहो," धाकटी म्हणाली.

"आता नको. ते नाटकात."

"नाही, ऐका ना. मला घाबरं होतंय."

चिटणिसांनी कागदावरून डोळे उचलले नाहीत. "त्यात घाबरायचं काय? समोर आपलीच तर माणसं असणार."

"तसं नाही. कसंतरीच होतंय. मघाशी उलटीसारखं झालं. आता घाबरं घाबरं—"

"होतं, होतं," नाट्याचार्य उठून धूळ झटकत होते. "नवख्या नटाला भीती वाटायचीच. पडदा वर जाताना माझ्या हातातला भाला असा लटलटत होता! दीर्घ श्वास घ्या. प्रेक्षक म्हणजे बटाटे आहेत असं समजा."

"घाम बघा किती आलाय," एक सभासद कौतुकानं म्हणाला.

"पुसू नका!" नाट्याचार्य ओरडले. "उत्तम आलाय. दुपारपर्यंत टिकला पाहिजे."

धाकटी स्टेजवरच्या लाकडी स्टुलावर बसली. पडली नाही, बसलीच. ओलं कापड दोरीवरून घसरावं तशी.

"अशी नव्हे! हे तर पोतं ठेवल्यासारखं झालं!"

आता थोरलीला समितीबद्दल जो तिरस्कार होता, त्यात थोडाफार वाटा धाकटीचाही होता. हे झाकून काय करायचं? या मूर्खांना ही बाई नाही म्हणत नाही, पट्टे धुते, जिने चढते, आणि वर स्टेजवर यांच्या हुकुमानं पडते, याचा तिला राग होता. ती पुढे आली ती दोन खडे बोल ऐकवायला. पण 'घाबरं' हा शब्द तिच्या कानात अडकला होता.

ही आणि घाबरणार? मागे एकदा आतल्या यंत्राच्या वायरीनं पेट घेतला, तेव्हा सगळे रस्त्यावर पळाले आणि हिनं आत जाऊन मेन स्विच पाडला. दुकानात शिरलेल्या भुरट्या चोराला हिनं तापलेली इस्त्री दाखवून गिऱ्हाइकाचा कोट टाकून पळायला लावलं होतं. बटाट्यांपुढे उभं राहायला ही घाबरेल?

शब्द एकच. पण बाई 'घाबरं होतंय' म्हणते तेव्हा ती आत काय चाललंय ते सांगत असते: श्वास पुरत नाही, जीव थाऱ्यावर नाही, काहीतरी धड नाही. आणि ऐकणारा बाहेर भीती शोधत बसतो, सापडली नाही की हसतो.

थोरलीनं गठ्ठे होते तिथेच टाकले. ती धाकटीपुढे वाकली.

"भीती वाटतेय का गं तुला?"

"छे, भीती कसली?" धाकटीचा आवाज खोल गेला होता. हात थंडगार, ओले. पावडरीखाली चेहरा राखेच्या रंगाचा. "घाबरं होतंय, जाऊबाई. पाठीत... कोणी आतून पिळतंय."

"ऊठ. दवाखान्यात चल."

"वहिनी!" चिटणीस कागद फडफडवत पुढे आले. "अहो, तालीम चाललीय. आणि दवाखाना कशाला? दुपारी हृदयाचे एवढे मोठे डॉक्टर आपल्याकडेच येताहेत. त्यांना स्टेजमागे पटकन दाखवू. ओळखीचे आहेत. फार चांगला माणूस."

"दुपारी?"

"जेवण झालं की लगेच."

थोरलीनं दिराकडे बघितलं. असं बघणं गिऱ्हाइकांच्या वाट्याला क्वचितच येई. ज्यांच्या आलं, ते पुन्हा कपडे घेऊन आले नाहीत.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही एवढे मन लावून तिचं मरण लिहिलंत. ते खरं करायची घाई आहे का?"

"असं काय अभद्र बोलता? अपचन असेल. सकाळी उपाशीपोटी चहा प्यायली ती. तिचं वय तरी आहे का हे? हृदयविकार म्हणजे छातीत कळ यावी लागते, वहिनी. मी समितीचा चिटणीस आहे, मला ठाऊक नसेल?"

थोरलीनं धाकटीला खांद्याचा आधार दिला. तिला एक पाऊलही चालू द्यायचं तिच्या मनात नव्हतं, म्हणून फुगेवाल्या दोघांवर ती अशी खेकसली की ते फुगे सोडून स्टुलासकट धाकटीला उचलायला धावले. समितीनं जन्माला आल्यापासून उचललेलं हे पहिलं ओझं.

बाहेर आल्यावर तिनं अँब्युलन्सच्या दारावर थाप मारली. ड्रायव्हरनं तोंडावरची टोपी काढली.

"बाई, ही अजून चालू नाही."

"बंद पडलीय?"

"बंद नाही. उद्घाटन व्हायचंय."

"इंजिनाला माहितीय का ते?"

ड्रायव्हरनं धाकटीकडे बघितलं. मग किल्ली फिरवली. बिचाऱ्याला सकाळपासून पहिल्यांदाच कोणीतरी कामाचं बोललं होतं.

मागच्या दारावर फीत आडवी होती. थोरलीनं ती दोन्ही हातांनी धरून ओढली. उत्तम कापड होतं, सहज फाटेना. शेवटी तिनं दातांनी टरकावली. फुलाचा फुगा फाडकन फुटला, आणि तो आवाज ऐकून चिटणीस पायऱ्यांवरून धावत आले.

"फीत! वहिनी, फीत! अहो, पाहुण्यांनी कापायचीय ती!"

"पाहुण्यांना सांगा, पहिली बाई आधीच बसली."

चिटणीस तसेच उभे राहिले. गाडीत बायको आणि रस्त्यावर फीत, यांत त्यांनी खाली वाकून फीत उचलली. गाडी वळेपर्यंत ते ती गुंडाळत होते.

हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर होता. पोरगेला, चष्म्याचा, सभ्य. धाकटीला खाटेवर आडवं केलं, तसं त्यानं मृदू आवाजात विचारलं, "काय होतंय काकू?"

"घाबरं होतंय."

"कशाची भीती वाटतेय? घरी काही ताण? झोप होत नाही का?" तो थोरलीकडे वळला. "यांना आधीपासून असं घाबरायची सवय आहे का?"

थोरलीनं डोळे मिटले. देवा, हासुद्धा बटाटेच मोजणार!

"डॉक्टर," ती म्हणाली, "तिला भीती वाटत नाहीये. मला वाटतेय. माझ्या भीतीवर नंतर औषध द्या. तिचा श्वास पुरत नाहीये, पाठ पिळतेय, जबडा दुखतोय, उलटीसारखं होतंय आणि अंग गार पडलंय. तुम्ही तिच्या काळजाची पट्टी काढा."

"कार्डिओग्राम? काढू ना, पण आधी आपण ॲसिडिटीचं एक इंजेक्शन देऊन बघू. बायकांमध्ये बऱ्याचदा—"

"बायकांमध्ये बऱ्याचदा काय होतं, ते ऐकूनच आलोय आम्ही. पट्टी काढा. काही निघालं नाही तर मी तुमची हात जोडून माफी मागेन, आणि मी माफी मागितलेली आमच्या गल्लीत कोणी पाहिलेली नाही. तेवढ्यासाठी तरी काढा."

तो तरुण चांगल्या आईचा असावा. रागावला नाही. त्यानं नर्सला खूण केली, वायरी लागल्या, यंत्रातून कागदाची पट्टी सरकत बाहेर आली. तो ती वाचत होता आणि थोरली त्याचा चेहरा वाचत होती. पट्टी अर्धी बाहेर आली, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा सभ्यपणा जाऊन तिथे डॉक्टर आला.

मग सगळं धावत सुटलं. धाकटीला गोळी चावून खायला दिली, हातात सुई गेली, खाट चाकांवर वळली. तरुण डॉक्टर फोनवर ओरडत होता, "हो सर, ॲटॅकच आहे. आत्ता, सर, आत्ता!" जाताजाता तो थोरलीपाशी थांबला. "बरं झालं तुम्ही ऐकलं नाहीत माझं," तो म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

लिफ्टमधून हृदयाचे मोठे डॉक्टर बाहेर पडले. नवा कोरा सूट, छातीवर समितीनं पाठवलेलं लाल फूल. कार्यक्रमाला जाण्यासाठी तयार होऊन बसले होते. चालता चालताच त्यांनी कोट काढून नर्सच्या हातात दिला, फूल खाली पडलं, ते त्याच्यावरून पाय देऊन आत गेले. दार लागलं.

थोरली बाकावर बसली. बोलायला आता जवळ कोणी शिल्लक नव्हतं, म्हणून ती वर बघून बोलली. ओठ न हलवता. देवा, एवढी वर्षं मी तुझ्याशी भांडले ते गंमत म्हणून समज. आज खरं मागतेय. एवढे दिवस जिन्यात मी तिला काय काय बोलले ते तू ऐकलंस. तिला परत दे, मी जरा कमी बोलेन. अगदी गप्प राहीन असं नाही म्हणत, तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

बऱ्याच वेळानं पायऱ्यांवर बूट वाजले. चिटणीस आले. खांद्यावर लाल पट्टा, कपाळावर घाम.

"वहिनी! मोठे डॉक्टर इकडे आलेत का? फोन उचलत नाहीत. लोक खोळंबलेत, अध्यक्षीणबाई बोलायला उठल्या, कोणाला आवरत नाहीयेत!"

थोरलीनं त्यांच्याकडे असं बघितलं, जसं सदऱ्यावरच्या न निघणाऱ्या डागाकडे बघावं.

"आत आहेत तुमचे पाहुणे," ती म्हणाली. "तुमच्या बायकोच्या काळजात अडकलेलं काढताहेत."

चिटणीस दाराकडे बघत राहिले. दारावरचा लाल दिवा लागलेला होता. मग ते बाकाच्या कडेवर धपकन बसले. मूठ आवळली नाही, डोळे विस्फारले नाहीत. नाट्याचार्यांना ते पडणं मुळीच आवडलं नसतं.

"ती म्हणाली नाही मला," ते म्हणाले. "छातीत दुखतंय असं म्हणाली असती तर... नीट सांगायला नको का माणसानं?"

"तिला तुम्ही एकच शब्द लिहून दिलात, भाऊजी. त्यात ती किती बसवणार?"

त्यांच्या खिशातला फोन वाजला. नाट्याचार्य होते, आवाज बाकावर बसूनही ऐकू येत होता. नाटुकलं रद्द करायचं की पडायला दुसरी बाई उभी करायची? चिटणीस ऐकत राहिले. मग त्यांनी फोन बंद केला. नर्सनं येऊन धाकटीच्या चपला आणि एप्रन त्यांच्या हातात दिला. ते दोन्ही वस्तू मांडीवर घेऊन बसले, आणि त्या कुठे ठेवायच्या हे त्यांना शेवटपर्यंत सुचलं नाही. थोरलीला क्षणभर त्यांची दया आली. क्षणभरच.

मोठे डॉक्टर बाहेर आले तेव्हा ते हिरव्या कपड्यांत होते.

"नळी उघडली. पूर्ण बंद झाली होती. पण अजून दोन-तीन दिवस डोळ्यांत तेल घालून बघावं लागेल." त्यांनी टोपी काढली. "किती दिवस दमत होत्या त्या? थोड्या कामानंही? झोप, पाठ, जबडा, काही तक्रार?"

चिटणिसांनी थोरलीकडे बघितलं. नवऱ्याला बायकोबद्दल विचारलं की तो दुसऱ्या बाईकडे बघतो.

"होती," थोरली म्हणाली. "कित्येक दिवस होती. सगळी होती. मी ऐकलीही होती, आणि हसले."

"बऱ्याच घरांत हेच होतं," डॉक्टर म्हणाले. "पुरुषासारखी छातीत कळ येईपर्यंत थांबतात. बाईला ती येईलच असं नाही. आणि कळ नाही म्हणून उशीर, उशीर झाला म्हणून..." त्यांनी हातातल्या टोपीची घडी घातली. "पाहुणा म्हणून हेच बोलणार होतो मी आज. चला, एकाच कुटुंबाला सांगून झालं. एकालाच भेटता येईल. त्यांनी जाऊबाईंना बोलवलंय."

अर्धवट उठलेले चिटणीस पुन्हा बसले.

आत धाकटी नळ्या-वायरींच्या मधे पडली होती. चेहऱ्यावर रंग यायला लागला होता. थोरली जवळ गेली, पण बोलायला तिला शब्द सापडेनात. तिनं नुसता धाकटीच्या केसांवरून हात फिरवला. पावडर अजून कपाळाला चिकटली होती.

"काय झालं जाऊबाई, जीभ घरी राहिली?"

"गप्प पड. बोलायचं नाही तुला."

"एकच बोलते. तुम्ही रोज दुपारी कपाळ आवळून रुमाल बांधता. पाय सुजतात तुमचे. मी बघते ना. कधी दाखवलंत का कोणाला?"

"मला काय धाड भरलीय?"

"मलाही भरली नव्हती," धाकटी म्हणाली आणि तिनं थोरलीचं मनगट धरलं. पकड दुबळी होती, पण सोडवून घेणं थोरलीला जमलं नाही. "आधी खाली जाऊन दाखवून या. मग बसा इथे. नाहीतर मी तुमच्याशी बोलणार नाही."

"आजारी माणसाचे हुकूम बघा!"

"जा म्हणते ना!"

थोरली गेली. जाताना बाकावरच्या दिराला म्हणाली, "मी येईपर्यंत हलू नका. आणि तो पट्टा काढा खांद्यावरचा. तिनं धुतलाय तो." त्यांनी मुकाट्यानं काढला.

खाली तातडीच्या विभागात तोच तरुण डॉक्टर होता. त्याला वाटलं, ही बाई आता फाडून खायला आली. तो उभाच राहिला. थोरली मात्र खुर्ची ओढून बसली, बाही दंडापर्यंत वर सारली आणि उघडा दंड टेबलावर ठेवला.

"काय होतंय तुम्हाला?" त्यानं जपून विचारलं.

"काही होत नाहीये," थोरली म्हणाली. "म्हणून तर आत्ता बघा."